जुनी डीसी अवंती (दिलीप छाब्रियांच्या डीसी कंपनीची स्पोर्ट्स कार) मिळतेय, घ्यावी का?

आधी कागद, मग गाडी. एकाच चासी नंबरवर दोन नोंदण्या झाल्याच्या आरोपावरून डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी अवंतीच्याच प्रकरणात कारवाई केली होती. म्हणून आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर स्वतः वाकून गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोवर भागवू नका. कर्जाचा बोजा उतरलाय का, तेही पाहा.

इंजिन रेनोचं, 2 लिटर टर्बो. त्याची फार धास्ती नको. खरी पंचाईत बॉडीची: पुढची काच किंवा बंपर गेला तर आणणार कुठून? गाडी परराज्यातली असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच भाव करा. रोज ऑफिसला न्यायला हवी असेल, तर मी नकोच म्हणेन.