घरी काढलेलं नारळाचं दूध तासाभरात वर साय, खाली पाणी असं वेगळं होतं. ते एकजीव कसं ठेवायचं?

साय वर येणं आणि दूध फुटणं यांत आधी फरक करा. साय हलवली की मिसळते. फुटलेलं दूध कितीही घुसळा, पहिल्यासारखं होत नाही.

नारळाच्या दुधात तेलाचे थेंब पाण्यात विखुरलेले असतात आणि प्रथिनांचं पातळ आवरण त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. थेंब जितके मोठे, तितके लवकर वर येतात. म्हणून ते बारीक करायचे.

दोन वाट्या खोवलेल्या नारळाला दीड वाटी पाणी घ्या, बोटाला जेमतेम सोसेल इतकं गरम (५० अंशांच्या आसपास). नारळाचं तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. फ्रिजमधला नारळ तसाच वाटला तर झाकणाला लोण्यासारखे पांढरे कण चिकटतात आणि उरलेले चोथ्याबरोबर जातात. उकळतं पाणीही नको. प्रथिनं आकसतात, शिवाय वाफेने मिक्सरचं झाकण उडतं.

एक मिनिट फिरवा, जरा थांबा, पुन्हा एक मिनिट. मग दुहेरी मलमलीतून पिळून घ्या, नुसत्या चाळणीने दूध रवाळ राहतं. आता गाळलेलं दूध कोमट असतानाच पुन्हा मिनिटभर मिक्सरमधून काढा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरा फरक तिनेच पडतो.

तरीही काही तासांनी साय येणारच. पिण्यासाठी ते चालणार नसेल तर अर्ध्या लिटरला पाव छोटा चमचा ग्वार गम (गवारीच्या बियांची, द्रव दाट करणारी पूड), मिक्सर चालू असताना वरून भुरभुरवा. एकदम ओतलात तर बुळबुळीत गुठळ्या होतात. स्वयंपाकात गमची गरज नाही, असं माझं मत.

फ्रिजमध्ये वर घट्ट थर बसला तर बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात उभी ठेवा, मगच हलवा. गारच हलवलं तर कण तसेच राहतात. दोन-तीन दिवसांत संपवा.

शिजवताना दूध शेवटी घाला, आच मंद ठेवा, ढवळत राहा, खळखळून उकळी येऊ देऊ नका. आंबट पदार्थ गॅस बंद केल्यावर. उकळणं टळणारच नसेल तर दोन वाट्या दुधाला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून आधीच मिसळा. फ्रीझरमधलं दूध वितळल्यावर दाणेदार होतं. ते कोमट करून मिक्सरमधून काढलं तर रश्शाला चालतं, प्यायला नाही.