रविवारचा वर्ग आणि एमपीएससी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी अमळनेरला एसवायबीएला आहे. एका चर्चच्या ट्रस्टतर्फे वस्तीत शनिवार-रविवार अभ्यासवर्ग चालतो, शाळा सुटलेल्या पोरांना तिथे शिकवायला जायचं म्हणते. माळकरी घरातली पोर तिकडे गेली तर भावकी काय म्हणेल आणि एमपीएससी मागे पडेल का, या तुमच्या दोन काळज्या.

जाऊ द्या तिला. फक्त तिला एवढं बजावा, की जेवढं निभेल तेवढंच कबूल कर.

अशाच एका वर्गावर मी गेलो होतो. चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा, आईबापाबरोबर ऊसतोडीचे चार हंगाम काढून आलेला. मुकादमाकडून उचल किती घेतली, फिटली किती, अंगावर किती राहिली, सगळं तोंडपाठ. तीच वजाबाकी पाटीवर मांडली की गप्प. नवी ताई पुस्तक उघडायला लागली तर त्याने आधी विचारलं, "ताई, तू बी जाशी ना?" आधीच्या दोघी महिनाभरात येईनाशा झाल्या होत्या. दर दिवाळीनंतर ज्याची शाळा सुटते, त्याचं शिकवणारं माणूसही सुटलं की तो पुन्हा पुस्तकाला हात लावत नाही, ताई. म्हणून दोन्ही दिवस नकोत. रविवारचे तीन तास पुरेत, पण वर्षभर खाडा नको.

भावकीचं नंतर बघू. आधी तुम्ही स्वतः वर्ग पाहून या. प्रार्थना सक्तीची आहे का? वही-खाऊ सगळ्यांना मिळतो, की प्रार्थनेला बसणाऱ्यालाच? एखाद्या संस्थानाचा किंवा मठाचा वर्ग असता तरी मी हेच विचारायला सांगितलं असतं. श्रद्धेने काम करणारी माणसं वर्षानुवर्षं टिकतात, हेही मी पाहिलंय. मुलांजवळ दोन मोठी माणसं कायम असतात का, मुलाने मारहाणीचं किंवा छळाचं सांगितलं तर कुणाला कळवतात, हे नक्की विचारा. १०९८ ही मुलांची हेल्पलाईन तिथल्या लोकांना तोंडपाठ हवी.

अभ्यासाचं म्हणाल, तर राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. गळती, स्थलांतर, बालकामगार यांवर स्वतः पाहून लिहिलेलं उत्तर वेगळं उतरतं. दहावीला बाहेरून बसणाऱ्या पोराचा १७ नंबरचा फॉर्म तिने एकदा भरून बघावा, कुठला कागद कुठे अडतो ते कळेल. पुढे याच कामाची ओढ लागली तर कुठल्याही पदवीनंतर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करता येतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात समुपदेशकाची पदं असतात. ती कंत्राटी असतात, हे आत्ताच सांगून ठेवतो.

या सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला, की त्यानंतरच्या रविवारी दोघी मायलेकी बरोबरच जाऊन या.