बाजारभावाचं टेबल मोबाईलवर मावत नाही: माझ्याकडे जे झालं ते

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लिहायला बसलो. तुम्ही लिहिलंय की तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या साइटवर रोजच्या भावाचं टेबल आहे. टेबलला रुंदी १००% दिली, प्रत्येक कॉलमला टक्के दिले, तरी मोबाईलवर ते उजवीकडे पडद्याबाहेर जातं. कोणीतरी सांगितलं म्हणून टेबल-लेआउट फिक्स्ड केलं (म्हणजे आतला मजकूर न बघता कॉलमची रुंदी ठरवणारी मांडणी), तर सगळे कॉलम एकसारखे झाले आणि अक्षरं एकमेकांवर चढली. ही दोन्ही दुखणी मी आमच्या साइटवर भोगली आहेत. आमचेही तेच सात कॉलम होते: शेतमाल, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर.

व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पानाची रुंदी फोनच्या पडद्याइतकी धरायला सांगणारी ओळ) तुम्ही टाकलाच असेल असं धरतो. नसेल तर आधी तो टाका, कारण तो नसला की बहुतेक फोन पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं समजून मांडतात, आणि मग पुढचं काही करून उपयोग नाही.

आता पहिलं दुखणं. काहीच सांगितलं नसेल तर टेबल ऑटो पद्धतीने, म्हणजे आतला मजकूर बघून, मांडलं जातं, आणि त्यात तुम्ही दिलेले टक्के ब्राउझर जमलं तरच पाळतो. तो आधी प्रत्येक सेलमध्ये न तुटणारा सगळ्यात लांब तुकडा कोणता ते बघतो. त्या तुकड्यापेक्षा कॉलम अरुंद होत नाही, तुम्ही ५% लिहा नाहीतर १०%. बैलबंडीत एकच लाकूड आडवं पडलं असेल तर बंडी फाटकातून जात नाही, बाकी माल कितीही नीट रचलेला असो. तुमच्या टेबलात ते आडवं लाकूड कुठल्या सेलमध्ये आहे ते शोधा. रुंदीचे आकडे बदलत बसू नका.

माझ्याकडे ते ‘जात/प्रत’च्या कॉलममध्ये सापडलं. कापसाच्या ओळीत ‘एच-४ - मध्यम स्टेपल’ असं लिहिलेलं होतं. दिसायला साध्या जागा सोडलेल्या, पण मजकूर दुसऱ्या पानावरून उचलून चिकटवलेला असल्याने त्या जागा साध्या नव्हत्या, एनबीएसपी होत्या, म्हणजे ओळ तुटू न देणाऱ्या. ब्राउझरच्या लेखी ते सगळं मिळून एकच शब्द. नोटपॅडमध्ये हा फरक डोळ्याला कळत नाही. क्रोममध्ये त्या सेलवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करा, एलिमेंट्समध्ये एनबीएसपी स्पष्ट लिहिलेलं दिसतं. शोधून सगळीकडे साधी जागा भरा. वर्डमधून चिकटवलं असेल तर सेलच्या स्टाइलमध्ये पॉइंटातली पक्की रुंदी आणि नोरॅपही (ओळ तोडू नको असा हुकूम) येतं, तेही काढा. तुमच्या सीएसएस फाइलमधला (पान कसं दिसावं ते सांगणारी फाइल) साधा नियम त्या सेलमधल्या स्टाइलपुढे चालत नाही.

ईमेल पत्ता किंवा लांब लिंक असेल तर ओव्हरफ्लो-रॅप (लांब शब्द मधेच तोडू देणारा नियम) वापरा, पण त्याचं ब्रेक-वर्ड हे मूल्य इथे कामाचं नाही. ते रुंदी आधी ठरू देतं आणि मग गरज पडली तर शब्द तोडतं, त्यामुळे ऑटो टेबल अरुंद होत नाही. त्याऐवजी एनीव्हेअर हे मूल्य द्या, ते कमीत कमी रुंदीच्या हिशोबातही धरलं जातं. मात्र ते क्रोममध्ये २०२० पासून आणि सफारीत २०२२ पासून आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षं अपडेट न केलेले फोन पुष्कळ आहेत, तुमच्याकडेही असतील. त्यांच्यासाठी वर्ड-ब्रेकला ब्रेक-वर्ड हे जुनं मूल्यही सोबत लिहून ठेवा. नियमात ते आता कालबाह्य म्हटलंय, पण काम तेच करतं. मराठी मजकुराला मात्र हे लावू नका. ‘सर्वसाधारण’ मधेच तुटून ‘सर्वसा’ वर आणि ‘धारण’ खाली आलेलं वाचायला फार वाईट दिसतं.

दुसऱ्या दुखण्याने मला जास्त छळलं, आणि त्याला एक कार्यालय कारण होतं. नाव घेत नाही. त्यांनी वर्डमध्ये एक नमुना पाठवला आणि सांगितलं की टेबल अगदी असंच हवं, नमुन्यात बदल चालणार नाही. त्या नमुन्यात सगळ्यात वरची ओळ म्हणजे सातही कॉलम एकत्र करून लिहिलेला मथळा. कॉलमांची नावं दुसऱ्या ओळीत.

फिक्स्ड मांडणीचा नियम असा आहे की ब्राउझर कॉलमची रुंदी कोल टॅगवरून (प्रत्येक कॉलमची माहिती देणारी खूण) घेतो, आणि तो नसेल तर पहिल्या ओळीवरून. खालच्या ओळींकडे तो रुंदीसाठी बघतच नाही. पहिल्या ओळीत सात कॉलमांचा एकच सेल असला की ती रुंदी सातांत सारखी वाटली जाते आणि दुसऱ्या ओळीत दिलेले टक्के वाया जातात. ३६० पिक्सेलच्या फोनवर प्रत्येक कॉलमला ५१ पिक्सेल येतात. दोन्हीकडे ८-८ पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) धरलं तर उरले ३५. त्यात ‘सर्वसाधारण’ मावत नाही, म्हणून तो शेजारच्या सेलवर सांडतो. तुमच्या स्क्रीनशॉटमध्येही वर एकसलग मथळा दिसतोय, म्हणून इतकं खात्रीने सांगतोय.

मी मथळा कॅप्शन टॅगमध्ये नेला. एचटीएमएलच्या दृष्टीने मथळ्याची योग्य जागा तीच, आणि दिसायलाही सारखंच. कार्यालयाचं उत्तर आलं, नमुन्याप्रमाणे नाही. नमुना कोणी ठरवला, कोणाशी बोलू, हे विचारलं तर कार्यालयातल्या एका बाबूकडून दुसऱ्या बाबूकडे पाठवणी. छपाईत उजवा कॉलम कापला जातो अशी तक्रारही त्यांनीच केली, आणि ज्या नमुन्यामुळे तो कापला जात होता तो सोडायला तेच तयार नव्हते. ऐन तुरीच्या हंगामात आमचं भावाचं पान बंद राहिलं. गावातला माणूस गाडी भरून निघण्याआधी दोन बाजारांचे भाव बघतो, त्यासाठीच तर ते पान होतं. लोक फोन करून विचारत होते आणि मी कागदावरून वाचून दाखवत होतो. त्या दिवसांचा राग मला अजून आहे. कागदाचा नमुना कागदावर ठीक आहे, वेबसाठी तो दगडावरची रेघ करणं चुकीचंच आहे.

शेवटी उपाय असा निघाला की मथळ्याला हातही लावावा लागला नाही. टेबल सुरू झाल्याबरोबर, पहिल्या ओळीच्या आधी, एक कोलग्रुप घाला, त्यात सात कोल, आणि रुंदी फक्त त्यांनाच द्या. मग एकत्र केलेली ओळ वर असली तरी चालते. टेबलला मात्र रुंदी दिलेली हवी. ती ऑटो असेल तर फिक्स्ड लागू होईलच असं नाही.

आता माझं मत, पटलं तर घ्या. सात कॉलम फोनवर बसवण्याचा हट्ट करू नका. तुमच्यावर नमुन्याची सक्ती नसेल तर ‘परिमाण’ हा कॉलमच काढा. कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा, सगळं क्विंटलमध्येच आहे, ते वर एकदा लिहिलं की झालं. उरलेल्या टेबलभोवती एक डिव्ह (नुसती चौकट) घालून त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या, म्हणजे फक्त टेबल सरकेल, पान सरकणार नाही. पहिला कॉलम स्टिकी (टेबल सरकवलं तरी जागीच राहणारा) करून त्याला पार्श्वभूमीचा रंग द्या, नाहीतर मागचे आकडे त्यातून दिसतात. तो डिव्ह फ्लेक्सच्या (घटक शेजारी-शेजारी मांडणाऱ्या चौकटीच्या) आत असेल आणि तरीही पान ताणत असेल, तर त्या फ्लेक्समधल्या घटकाला मिन-विड्थ (कमीत कमी रुंदी) शून्य द्या. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

हल्ली प्रत्येक ओळीचं वेगळं कार्ड करतात, ते भावाच्या पानाला मला पटत नाही. शेतकऱ्याला आकडे एकाखाली एक लागतात, ताडून बघायला. टेबलचा फोटो टाकणं तर त्याहून वाईट. फोटोतला आकडा पानावर सहज शोधता येत नाही, डोळ्यांनी अधू माणसाला फोन तो नीट वाचून दाखवेलच असं नाही.

मी हे सगळं काम करता करता शिकलो आहे, आणि तुमची साइट वर्डप्रेसवर असेल तर थीमचे (साइटच्या तयार सजावटीचे) स्वतःचे टेबलचे नियम मधे येऊ शकतात. म्हणून आधी साध्या वेगळ्या पानावर हेच टेबल एकटं टाकून बघा. तिथे नीट दिसलं तर दोष थीमचा.

तरीही नाही जमलं तर मथळ्याची ओळ, त्याखालची नावांची ओळ आणि कापसाची एक ओळ, इतका कोड इथे टाका. टाकण्याआधी त्यातले व्यापाऱ्यांचे मोबाईल नंबर काढून टाका.