संकरित पाम आणि नागपूरची थंडी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

डिसेंबरच्या उत्तरार्धात नागपूरचा पारा दहा अंशांखाली उतरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो आणि अंगणातल्या पामची पाने तांबूस का पडली, हे विचारणारी पत्रे वाढतात. त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत असते, की झाड ‘हायब्रीड’ म्हणून विकत घेतले आहे म्हणजे ते थंडी सोसणारच. ही समजूत दरवर्षी नव्याने पसरवली जाते, म्हणून या वेळी पामविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या फाटकाजवळ वॉशिंग्टोनिया पामची दोन मोठी झाडे आहेत. जानेवारीत ती रात्री झाकावीत का? (मनीषनगर)

उत्तर : नाही.

प्रश्न : मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘हायब्रीड म्यूल पाम’चे फूटभर उंचीचे रोप मागवले. सोबतच्या चिठ्ठीवर ते उणे दहा अंशांपर्यंतची थंडी सहन करते, असे छापले होते. येथे रात्रीचे तापमान आठ-नऊ अंशांवर आले आणि रोपाच्या बाहेरच्या पानांचे शेंडे तपकिरी पडले. माझी फसवणूक झाली का? (बेसा)

उत्तर : आपण पाठवलेल्या छायाचित्रावरून तसे ठामपणे म्हणता येणार नाही. मात्र आपल्या पत्रात जो प्रश्न दडलेला आहे, त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण याच चिठ्ठीवर विसंबून अनेकांनी पैसे घालवले आहेत.

ज्याला म्यूल पाम म्हणतात तो दोन वेगळ्या वंशांचा संकर आहे. मादी झाड ब्युटिया ओडोराटा, म्हणजे दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेमधला निळसर पानांचा, सावकाश वाढणारा जेली पाम; आणि नर म्हणून सायाग्रस रोमानझोफियाना, म्हणजे आपल्याकडे क्वीन पाम म्हणून ओळखला जाणारा, भराभर उंच होणारा पाम. हा संकर मुद्दाम करायचा तर ब्युटियाच्या फुलोऱ्यातील नर फुले उमलण्यापूर्वी काढावी लागतात, क्वीन पामचे परागकण आणून मादी फुलांवर हाताने टाकावे लागतात, आणि पुढे जे बी मिळते ते रुजायला कित्येक महिने घेते. शिवाय त्यातली काही रोपे शुद्ध ब्युटियाचीच निघतात. तयार झालेला म्यूल पाम जवळजवळ नेहमीच वांझ असतो, त्यामुळे ‘म्यूल पामच्या झाडाचे बी’ म्हणून पाकिटातून जे विकले जाते त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे काहीही कारण नाही. इतक्या कष्टाचे रोप स्वस्तात मिळत असेल, तर ते दुसरेच काही असण्याची शक्यता अधिक. फूटभर उंचीवर बहुतेक पामची पाने नुकतीच फाटू लागलेली असतात आणि त्या वयात जात ओळखणे जाणकारालाही अवघड जाते. विक्रेत्यांना हे चांगले ठाऊक असते.

आता त्या उणे दहा अंशांच्या आकड्याविषयी. मोठ्या, जमिनीत पक्क्या रुजलेल्या म्यूल पामनी अमेरिकेच्या दक्षिण भागात उणे आठ-नऊ अंशांच्या आसपासची थंडी काढल्याची उदाहरणे आहेत, आणि चिठ्ठीवरचा आकडा तिथूनच उचललेला असतो. पण तो आकडा काही तासांच्या कोरड्या थंडीचा असतो, तिच्यानंतर दिवसा ऊन पडून हवा तापलेली असते, आणि झाडाच्या बुंध्याभोवती जमिनीची ऊब असते. आपले रोप काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत आहे. त्याची मुळे जमिनीत नसून जवळजवळ उघड्या हवेत आहेत. मोठ्या झाडाचा आकडा फूटभर रोपाला लावणे हे अज्ञान तरी आहे किंवा लबाडी तरी.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी, की संकर हा सर्वसाधारणपणे दोन्ही पालकांच्या मधला असतो. ब्युटिया उणे दहापर्यंत टिकतो, क्वीन पामला उणे चारच्या आसपास गंभीर इजा होते, म्हणून त्यांचा संकर या दोहोंच्या मध्ये येतो. येथे काटकपणा एका काटक पालकाकडून आलेला आहे. संकर केल्यामुळे तो निर्माण झालेला नाही. फॉक्सटेल पाम आणि व्हिचिया वंशातील पाम यांचाही संकर बाजारात आहे. त्याचे दोन्ही पालक उष्ण प्रदेशातले असल्यामुळे त्याच्याकडून थंडीच्या बाबतीत कोणतीही अपेक्षा ठेवता येत नाही, तरीही तो ‘हायब्रीड आहे, चिंता नको’ असे सांगून गळ्यात मारला जातो. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : दोन्ही पालकांची शास्त्रीय नावे कोणती? ती बिलावर लिहून देण्याची त्याची तयारी नसेल, तर रोप घेऊ नये.

नागपूरच्या दृष्टीने तर हा सारा उणे अंशांचा हिशोब गैरलागू आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे ३.५ अंशांची नोंद झाली, आणि ती या शहराच्या नीचांकाची नोंद होती. मोकळ्या आकाशाखालच्या निवांत रात्री जमिनीलगतची हवा हवामान केंद्राच्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंशांनी अधिक गार असू शकते आणि बेसा, हिंगणा अशा मोकळ्या भागांत दाट वस्तीपेक्षा थंडी जास्त जाणवते, हे खरे. तरीही येथे पानातले पाणी गोठून पाम मरणे ही अपवादात्मक घटना आहे. येथे घडते ते वेगळे : नारळ, सुपारी, अरेका, बॉटल पाम यांसारख्या उष्ण प्रदेशातील पामना गोठणबिंदूच्या बऱ्याच वर, साधारण दहा अंशांखालीच शीत-इजा होऊ लागते. मुळे पाणी कमी ओढतात, पेशींची आवरणे बिघडतात आणि पानांवर तांबूस, तपकिरी डाग उमटतात. आणि याच झाडाला पाच महिन्यांनी ४५ अंशांचा मे सोसायचा असतो. येथे पाम निवडताना दोन्ही टोके पाहावी लागतात. चिठ्ठीवर मात्र थंडीचे एकच टोक छापलेले असते.

राहिला आपल्या रोपाचा प्रश्न. खरा म्यूल पाम आठ अंशांना तपकिरी पडत नाही. त्यामुळे एक तर ते रोप म्यूल पाम नाही, किंवा हा दोष थंडीचा नसून प्रवासातील ताण, साचलेले पाणी किंवा कुंडीतील मातीचा आहे. रोप कुंडीसह महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातील उद्यानविद्येच्या तज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवावे आणि बिल जपून ठेवावे.

प्रश्न : थंडीच्या रात्री लहान पामवर प्लास्टिकची पिशवी घातली तर चालेल का? (प्रतापनगर)

उत्तर : नाही. पानांना टेकलेल्या प्लास्टिकखाली पाणी साचते आणि सकाळच्या उन्हात पाने भाजतात. काठ्यांच्या आधारावर जुनी सुती चादर किंवा गोणपाट संध्याकाळी घालावे आणि ऊन आले की काढावे.

प्रश्न : आमचा माळी म्हणतो, की थंडीत पामच्या शेंड्यात मीठ आणि कोमट पाणी ओतले तर कोंबाला ऊब मिळते. (सक्करदरा)

उत्तर : ओतू नये. शेंड्यात साचलेले पाणी हीच कुजण्याची सुरुवात असते.

प्रश्न : हिंगणा रस्त्यावरील आमच्या प्लॉटवर आठ वर्षांचा ‘टी बाय डी’ (टॉल बाय ड्वार्फ, म्हणजे उंच आणि ठेंगण्या जातींचा) हायब्रीड नारळ आहे. जानेवारीत त्याची बोंडे गळतात. हायब्रीड असल्यामुळे तो थंडीतही धरेल, असे विक्रेत्याने सांगितले होते.

उत्तर : नारळाला वर्षभराचे सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास मानवते. आठ-दहा अंशांच्या रात्री ओळीने आल्या की त्याची वाढ मंदावते आणि फळधारणा बिघडते. उंच, ठेंगणा वा संकरित, कोणताही नारळ याला अपवाद नाही. नारळातील संकर थंडीसाठी केलेलेच नाहीत. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेने १९८५ मध्ये प्रसारित केलेली ‘चंद्रसंकरा’ घ्या : चावघाट ऑरेंज ड्वार्फ ही ठेंगणी जात मादी आणि वेस्ट कोस्ट टॉल ही उंच जात नर. तिची निवड लवकर फळ येणे आणि अधिक उत्पन्न यांसाठी झाली. ठेंगण्या जातींचे रक्त असलेले संकर पाण्याच्या ताणाला उलट अधिक नाजूक असतात, आणि हिवाळ्यात ‘थंडी आहे, पाणी कशाला’ म्हणून आपण पाणी तोडतो तेव्हा बोंडगळीत भर पडते. बोंडगळीला पालाश (पोटॅश) किंवा बोरॉनची कमतरता हेही कारण असू शकते, म्हणून खते टाकण्यापूर्वी माती आणि पान दोन्ही तपासून घ्यावे. या झाडाचे नारळ रोपांसाठी वापरू नयेत. पुढच्या पिढीत गुण विखुरतात.

प्रश्न : बॉटल पामचा मधला कोंब मळकट झाला होता. हलके ओढल्यावर तो हातात आला. याला पंधरा दिवस झाले. होळीपर्यंत वाट पाहा, उन्हाळ्यात आपोआप फुटेल, असे सगळे सांगतात. वाळलेली बाकीची पाने कापून शेंडा मोकळा करावा का? (धरमपेठ)

उत्तर : पंधरा दिवस आधीच वाया गेले आहेत. बॉटल पामच्या खोडाला वाढीचा एकच बिंदू असतो. आंब्याला किंवा जास्वंदीला फांदी गेली तर बाजूने फुटवा येतो; येथे तो एकमेव बिंदू मेला की झाड संपले. थंडीने दुबळ्या झालेल्या उतीत बुरशी आणि जिवाणू शिरतात आणि कूज खाली वाढीच्या बिंदूकडे सरकते. होळीपर्यंत थांबणे म्हणजे तिला तेवढी सवड देणे.

आजच दिवसाउजेडी शेंड्यात पाहावे. सैल झालेला, आंबूस वास येणारा भाग हलक्या हाताने, निर्जंतुक केलेल्या चाकूने काढावा, आत साचलेले पाणी टिपून घ्यावे आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक वेष्टनावरील प्रमाणानेच वापरावे. वारंवार ओतल्यास तांब्याचीच बाधा होते. वरून पाणी मारणे पूर्ण बंद करावे. बाकीची पाने कापू नयेत. अर्धे पान तपकिरी असले तरी उरलेला हिरवा भाग झाडासाठी अन्न बनवत असतो, आणि त्याच आधारावर नवा कोंब येणार असतो. पूर्ण वाळलेली झावळीसुद्धा थंडी सरेपर्यंत शेंड्याला थोडा आडोसा देते, म्हणून कात्री मार्चनंतरच हाती घ्यावी.

कोंब आला तरी पहिली एक-दोन पाने आखूड, चुरगळलेली निघतील, कारण डिसेंबरात ती शेंड्याच्या आत घडत असतानाच त्यांना इजा झालेली आहे. त्यावरून झाड संपले असे ठरवू नये. मात्र या आठवड्यात एखाद्या जाणकाराने झाड प्रत्यक्ष पाहणे आवश्यक आहे. कूज कुठवर गेली आहे, हे पत्रावरून कळत नाही.

प्रश्न : आमच्या रॉयल पामची नवी पाने दरवर्षी फेब्रुवारीपासून आखूड, करपल्यासारखी आणि कुरळी निघतात. शेजारी याला थंडीचा झटका म्हणतात. (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : वर्णनावरून ही मँगनीजची कमतरता वाटते. आपल्याकडची काळी, चुनखडीयुक्त माती विम्लधर्मी असते आणि तीत मँगनीज असूनही मुळांना मिळत नाही. जमीन गार असताना ते आणखी कमी मिळते. थंडीचा संबंध आहे तो एवढाच. दोष नव्या पानांवर असेल तर मँगनीजचा संशय घ्यावा. जुन्या, खालच्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके पडून टोके वाळत असतील तर बहुधा पालाश कमी पडत आहे. ही खालची पाने ‘थंडीने गेली’ म्हणून छाटली जातात, आणि त्यांच्यातून झाड जो पालाश वर ओढून घेत असते तोही त्यांच्याबरोबर कचऱ्यात जातो. औषधाच्या दुकानातून ‘मायक्रोन्यूट्रिएंट’ची मिळेल ती बाटली आणण्यापूर्वी मातीचा सामू (पीएच) तपासून घ्यावा आणि मँगनीज सल्फेटचे प्रमाण अहवाल दाखवूनच ठरवावे.

प्रश्न : एक नर्सरी जानेवारीत दहा फुटी फॉक्सटेल सवलतीत देते आहे आणि लागवडीला हिवाळाच उत्तम, असे सांगते. घ्यावीत का? (कामठी रस्ता)

उत्तर : जानेवारीत लावू नयेत. पामची तुटलेली मुळे नव्याने फुटायला जमीन उबदार लागते. गार जमिनीत झाड नुसते उभे राहते आणि मूळ धरण्यापूर्वीच उन्हाळा गाठतो. जूनच्या मध्यानंतर पाऊस स्थिरावला की लावावीत, म्हणजे पुढच्या थंडीपूर्वी पाच-सहा महिने हाती राहतात. सवलत जानेवारीतच का असते, हे यावरून लक्षात येईल.

प्रश्न : शेताच्या बांधावर शिंदी आहे आणि घराजवळ कॅनरी पाम लावला आहे. शिंदीच्या बियांपासून आलेली काही रोपे वेगळी, जाड पानांची दिसतात. ती थंडीत टिकतील का? (काटोल)

उत्तर : टिकतील. शिंदी, खजूर आणि कॅनरी पाम एकाच फिनिक्स वंशातले असून जवळ असले की सहज संकर होतात. शिंदी तर या मुलखातलीच आहे आणि कॅनरी पामही येथील हिवाळ्याला पुरून उरणारा आहे, त्यामुळे या रोपांसाठी थंडीची चिंता करू नये. पानांच्या बुडाशी सुयांसारखे काटे येतात, म्हणून ती पायवाटेपासून लांब लावावीत. नर आणि मादी झाडे वेगळी असल्यामुळे फळ कोणाला येईल, हे फुलोरा येईपर्यंत समजणार नाही.