पडद्याची साथ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पोर्देनोनेच्या मूकपट महोत्सवात मूकपटांना संगीताची साथ करायला शिकण्यासाठी तुझी निवड झाली ही बातमी तू पार शेवटी लिहिलीस, आणि त्याआधी दीड पान नुसती भीती. ‘तिथं येणारी मुलं पाचव्या वर्षापासून पियानोवर बसलेली. मी पेटीवरून पियानोकडे आले. सर, माझा कान तिथं चालेल का?’ चालेल, असं एका शब्दात लिहून मोकळं होता आलं असतं. पण इतकी वर्षं तू माझ्यासमोर बसून शिकलीस, तेव्हा तुला एका शब्दापेक्षा जास्त देणं लागतो.

आधी तू कुठं निघाली आहेस ते समजून घे. पोर्देनोने हे इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातलं, फ्रिउली प्रांतातलं लहान शहर. ६ मे १९७६ च्या रात्री या प्रांतात मोठा भूकंप झाला. सुमारे हजार माणसं गेली, जेमोना गावाची तर माती झाली. त्या पडझडीनंतर भूकंपग्रस्तांना जुने मूकपट दाखवण्याच्या खटपटीतून काही मंडळी एकत्र आली, जेमोनात चित्रपटांचा संग्रह उभा राहिला आणि १९८२ साली पोर्देनोनेत मोजक्या माणसांच्या हजेरीत हा महोत्सव सुरू झाला. घरं पडलेल्या लोकांनी आधी अन्न-निवारा पाहिला आणि लगोलग पडद्याकडेही पाहिलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथल्या व्हेर्दी नाट्यगृहाच्या पायऱ्या चढताना ती मनात असू दे.

ऑक्टोबरमधले आठ दिवस, सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालतात. कुठं पूर्ण वाद्यवृंद, कुठं एकटा पियानो, कुठं पियानोच्या जोडीला व्हायोलिन किंवा तालवाद्य. शंभर वर्षांपूर्वीची माणसं पडद्यावर हलत असतात आणि त्यांना आज, या क्षणी, समोर बसलेला एक जिवंत माणूस सूर देत असतो. मी एकदाच गेलो, प्रेक्षक म्हणून. पहिल्या दिवशी चित्रपट पाहिले. दुसऱ्या दिवसापासून वादकांचे हात पाहत होतो.

आणि तिथं आपण परके नाही. १९९४ साली याच महोत्सवात भारतीय मूकपटांचा मोठा विभाग झाला होता, आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साहाय्याने. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले, त्यातले ३० सुद्धा आज धड शिल्लक नाहीत. उरले आहेत ते बहुतेक तुकड्या-तुकड्यांत. त्यांना साथ करणारी माणसं त्याहून कमी. म्हणून तुझ्या निवडीचा मला इतका आनंद झाला.

आता तुझ्या कानाविषयी. तू पत्रात ‘बॅकग्राउंड म्युझिक’ असा शब्द वापरला आहेस. तो खोडून टाक. आपल्याकडे त्यासाठी जुना, नेमका शब्द आहे: साथ. गोविंदराव टेंबे गायक भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ करायचे हे तुला मी कितीदा सांगितलं आहे. त्याच टेंब्यांनी १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाला संगीत दिलं आणि हरिश्चंद्राची भूमिकाही केली. मराठी चित्रपट बोलायला लागला तेव्हा त्याचा सूर एका साथीदाराच्या हातात होता, याचा मला अभिमान वाटतो. त्याच्याही आधी, तंबूतल्या खेळांत पडद्याशेजारी पेटी-तबला घेऊन बसणारी माणसं होती. त्यांची नावं कुठं लिहून ठेवलेली नाहीत. तू त्यांच्या जागेवर बसणार आहेस.

साथीला बसलेली तू काय करतेस? गायिकेच्या श्वासाकडे लक्ष ठेवतेस. ती कुठं थांबणार, कुठं वर जाणार, हे तिच्या खांद्यावरून ओळखतेस. तिची जागा तिच्या आधी घेत नाहीस. ती दमली की दोन आवर्तनं सांभाळून धरतेस, तिला दम आला की बाजूला होतेस. गायिकेच्या जागी पडदा ठेव. बाकी सगळं तुला येतं.

फरक एकच, आणि तो मोठा आहे. गायिका तुझं ऐकते, पडदा ऐकत नाही. तू कितीही सुंदर जागा घेतलीस तरी पडद्यावरचा माणूस वळून ‘वा’ म्हणणार नाही, तुझ्यासाठी अर्धी मात्रा थांबणार नाही. सुरुवातीला हे फार एकटं वाटतं. मला वाटलं होतं.

माझी चूक तुला सांगतो, कारण ती तूही करशील. तरुणपणी एका खेळाला मी दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ला पेटी वाजवली. चित्रपट १९१९ चा. सुरुवातीलाच फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी दिसते, नुसता चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव येत-जात राहतात. मग तोच चेहरा कृष्णाचा होतो. मी काय केलं? प्रत्येक भावाला वेगळा सूर दिला. हसली की द्रुत, रडवेली झाली की कोमल गंधार, रागावली की जोरात भाता. मला वाटत होतं मी फार बारकाईने वाजवतो आहे. पुढे कृष्ण डोहात उडी घेतो. पाण्याखाली कालियाशी झुंज, काठावर आक्रोश करणारी माणसं, पुन्हा झुंज, पुन्हा काठ. मी प्रत्येक वेळी चाल बदलत गेलो. पाण्याखाली एक, काठावर दुसरी. पाच मिनिटांत माझीच दमछाक झाली.

खेळ संपल्यावर माझ्याबरोबर तबल्याला बसलेले बुजुर्ग मला म्हणाले, ‘तू पडद्याच्या प्रत्येक हालचालीला हो म्हणत होतास. तुझं स्वतःचं मन कुठं होतं? डोहात की काठावर?’ मी गप्प झालो. त्या रात्री झोप लागली नाही. काही महिन्यांनी तोच चित्रपट पुन्हा वाजवायला मिळाला तेव्हा मी ठरवून काठावर राहिलो. झुंज चालू असतानाही काठावरच्या आईचाच सूर धरून बसलो, मंद्रात म्हणजे खालच्या सप्तकात, अगदी थोडे स्वर. पाण्याखालचा कृष्ण त्या सुरात एकदम लहान मूल दिसायला लागला. तोच पडदा, तीच झुंज. पण आता प्रेक्षकांत कुणी खोकतही नव्हतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही शिक, की कट म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा, नव्हे. दृश्य बदललं की तुझा हात आपोआप समेवर यायला धावेल, तिहाई, तोच बोल तीनदा घेऊन समेवर येणं, घ्यावीशी वाटेल. आवर त्याला. दृश्य बदलू दे, तू तुझ्या आवर्तनात राहा. आपल्याकडे तबल्याच्या सोलोला लेहरा धरतात, आठवतं? अर्धा-अर्धा तास तीच ओळ. तू कंटाळून म्हणाली होतीस, ‘सर, यात शिकायचं काय?’ हेच शिकायचं होतं. तबलजी कायदे, रेले, चक्रदार करत असतो आणि लेहरेवाला एकच ओळ धरून त्याला जमीन देत असतो. ती ओळ जिवंत ठेवायची, पण स्वतःकडे लक्ष ओढून घ्यायचं नाही. तिथं येणाऱ्या फार थोड्या मुलांकडे हा अभ्यास असेल. तुझ्याकडे आहे. तो ट्रंकेत बंद करून नेऊ नकोस.

पियानोविषयी थोडं. पेटीचा सूर भात्यावर टिकतो, हवा देत राहशील तोवर तो संपत नाही. पियानोचा सूर वाजला त्या क्षणापासून विझायला लागतो. तू पेटीवरून आल्यामुळे तुला त्या विझण्याची भीती वाटते आणि तू ती जागा लगेच पुढच्या स्वराने भरतेस. मागच्या महिन्यात तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मला हेच ऐकू आलं. सूर लांबवणारं पेडल दाबून धरू नकोस. सूर विझू दे. मूकपटात एक बाई पत्र वाचते आणि पत्र खाली ठेवते, त्या मधल्या वेळेला विझणाऱ्या सुरासारखी दुसरी साथ नाही. आणि मजकुराची पाटी आली की हात हलका कर. लोक वाचत असतात. काहींना वेळ लागतो.

एक गणितही लक्षात ठेव. मूकपट एका ठराविक वेगाने चालत नसत. साधारण सेकंदाला १६ पासून २४ चित्रांपर्यंत, काळ आणि कॅमेरामन यांच्याप्रमाणे. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. म्हणजे हजार फुटांची रीळ १६ च्या वेगाने १६ मिनिटं ४० सेकंद चालेल, आणि तीच २० च्या वेगाने १३ मिनिटं २० सेकंदांत संपेल. तू घरी लॅपटॉपवर पाहून मिनिटं पाठ केलीस आणि तिथं वेग वेगळा निघाला तर पाठांतर कोसळेल. मिनिटं पाठ करू नकोस, क्रम पाठ कर. दार उघडलं, टोपी काढली, मूल धावत आलं. वेग कितीही असो, टोपीनंतर मूलच येणार.

तू विचारलंस, ‘मी तिथं भारतीय वाजवू की त्यांच्यासारखं?’ या प्रश्नावर मला जरा थांबायचं आहे. १९२४ साली अर्नो रॅपे या संगीतकाराने थिएटरात वाजवणाऱ्यांसाठी सुरावटींचा एक मोठा संग्रह काढला. पानाच्या कडेलाच यादी: आग, पाठलाग, वादळ, विमान, अंत्ययात्रा. वादकाने पडद्यावर जे दिसेल ते यादीत शोधायचं आणि पान उलटायचं. त्या यादीत ‘पौर्वात्य’ असाही एक कप्पा आहे. त्या काळच्या वादकाला रोज नवा चित्रपट येई, त्याची अडचण मी समजू शकतो. पण तू स्वतःहून त्या कप्प्यात जाऊन बसू नकोस. कुणाला ‘भारत’ ऐकवायचा म्हणून राग वाजवू नकोस. आणि उलट, लाज वाटून टाकूनही देऊ नकोस. एखाद्या डॅनिश चित्रपटातल्या म्हाताऱ्याला मारवा रागाची ती अधांतरी संध्याकाळ शोभत असेल, षड्ज दूर ठेवून केलेली, तर बेलाशक दे. तो मारवा आहे हे तिथं कुणाला कळायची गरज नाही. मात्र शेवट आला म्हणून भैरवी घेऊ नकोस. मैफल संपते तेव्हा भैरवी होते. चित्रपट संपतो तेव्हा कधी कधी माणूस रस्त्यावर उभाच असतो.

‘शिराज’ हा १९२८ चा मूकपट २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांच्या नव्या संगीतासह दाखवला गेला, तो मिळवून पाहा. आधी आवाज बंद करून, मग आवाजासह. त्यांच्याशी तुझं मत जुळलंच पाहिजे असं नाही. तू कुठं वेगळं केलं असतंस ते वहीत लिही. तेच तुझं उत्तर असेल.

तिथल्या दिवसांविषयी फार सांगत नाही. तुझे शिक्षक सांगतील ते कर. फक्त एवढं कर की जे खेळ तुला वाजवायचे नाहीत तिथंही अशा खुर्चीवर बस, जिथून वादकाचा चेहरा दिसेल. अनुभवी माणूस पट्ट्यांकडे बघतच नाही, त्याची मान वर असते. एका खेळात फक्त एकच गोष्ट टिपून घे: तो कुठं थांबला. आणि पोर्देनोनेच्या शाळेतली मुलं विनोदी मूकपटांना वाद्यवृंदाची साथ करतात, तो खेळ चुकवू नकोस. दहा-बारा वर्षांची मुलं, पडद्यावर कुणीतरी घसरून पडतो आणि झांज बरोबर त्याच क्षणी वाजते. कट म्हणजे सम नव्हे असं मी वर लिहिलं खरं, पण त्या मुलांचा आनंद पाहून मला माझंच वाक्य मागे घ्यावंसं वाटलं होतं. विनोदात झांज चालते. हे तू स्वतः तपासून ये.

जेवण वेळेवर घे. शेवटच्या रात्रीपर्यंत मान आणि खांदे दुखतील, कारण सतत वर पाहावं लागतं. सकाळी दहा मिनिटं मान मोकळी करत जा.

निघण्याआधीचे तीन रविवार माझ्यासाठी ठेव. ‘कालिया मर्दन’ लावू. पहिल्या रविवारी तू काहीच वाजवायचं नाहीस, आवाजाशिवाय दोनदा पाहायचा. दुसऱ्या रविवारी फक्त गुणगुणायचं. पेटी तिसऱ्या रविवारी उघडू, आणि तेव्हा तू आधी मला सांगायचंस, डोहात राहणार आहेस की काठावर. मी तबल्याला बसेन.

तुझा,
सर