धरणावर सोडू नका, हा समुद्राचा काजळी सुरय आहे

भाऊ, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्याला उशीर करून चालणार नाही. उद्या सकाळी त्याला धरणावर नेऊन पाण्यात सोडू नका. पक्षी पाण्याचा आहे हे तुम्ही बरोबर ताडलंत. पण हे त्याचं पाणी नाही, आणि पाण्यावर नुसतं बसून राहणंही त्याला झेपत नाही. का ते पुढे सांगतो.

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसकडच्या एका वावरात, दोन दिवसांची झड उघडल्यावर, धुऱ्यावरच्या बाभळीखाली हा पक्षी बसलेला सापडला. जवळ गेलं तरी उडेना. घरच्यांनी टोपल्याखाली ठेवला, दुधात भिजवलेली पोळी दिली, त्यानं चोचही लावली नाही. गावातल्या काहींनी टिटवी म्हटलं, इथे चर्चेत दोघांनी नदी सुरय लिहिलं (सुरय म्हणजे टर्न, पाण्यावर उडत मासे टिपणारा पक्षी).

टिटवी नाही हे पायांवरूनच कळतं. टिटवीचे पाय लांब आणि पिवळे; याचे आखूड, काळे, बोटांमध्ये पडदा. नदी सुरय हा अंदाज मात्र वाईट नाही. वैनगंगा-पैनगंगेच्या वाळूवर आपण बारमाही पाहतो तो सुरय तोच. पण त्याची पाठ राखाडी, चोच पिवळीधमक, पाय तांबडे. तुमच्या पक्ष्याची चोच दाभणासारखी सरळ, टोकदार आणि मुळापासून टोकापर्यंत काळी आहे. हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर छोटे सुरय येतात, उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचं पोट काळपट होतं, पाठ राखाडीच राहते. तुमच्याकडे नेमकं उलट आहे: वरून काळा, खालून पांढरा.

वरून काळे आणि खालून पांढरे असे दोन सुरय पावसाळ्यात वाट चुकून आत येऊ शकतात. त्यातला एक ब्रायडल्ड टर्न. तो आपल्या राज्याचाच म्हणायला हवा, सिंधुदुर्गात वेंगुर्ला रॉक्स नावाच्या खडकाळ बेटांवर त्याची वीण होते. दुसरा सूटी टर्न, त्याला मी काजळी सुरय म्हणतो. दोघांतला फरक कपाळावर लिहिलेला असतो, म्हणून तुमचा तिसरा फोटो मी पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. चोचीच्या मुळापासून पांढरा पट्टा वर चढतो, कपाळावर रुंद होतो आणि डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्याशी थांबतो. डोळ्याच्या मागे पांढऱ्याचा मागमूस नाही. ब्रायडल्डमध्ये हाच पट्टा अरुंद असतो आणि भुवईसारखा डोळा ओलांडून मागे जातो. शिवाय त्याची पाठ करडी-तपकिरी असते, त्यामुळे काळी टोपी पाठीपासून वेगळी उठून दिसते. तुमच्या पक्ष्याच्या डोक्याचा काळा कुठे संपतो आणि पाठीचा कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. पोटावर डाग दिसतात ते पिसांचे नाहीत, तुमच्या वावरातली काळी माती आहे ती. मला शंका उरलेली नाही. हा काजळी सुरय, पूर्ण वाढलेला.

पिल्लू असतं तर गोंधळ झाला असता. याचं वर्षाच्या आतलं पिल्लू अंगभर धुरकट तपकिरी असतं आणि पाठीवर तांदळाचे दाणे टाकल्यासारखे पांढरे ठिपके असतात. आईबापांशी त्याचं काही नातं असेल असं वाटत नाही. पुढेमागे कोणाला तसा पक्षी सापडला तर हे लक्षात ठेवा.

आता तो पाण्यावर का बसत नाही ते. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जातं, कारण ते शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल पिसांना सतत चोपडत असतं. काजळी सुरयाच्या पिसांना ते संरक्षण फार कमी. थोडा वेळ पाण्यात राहिला की पिसं पाणी धरतात, अंग जड होतं, उठता येत नाही. समुद्रावर जगणारा पक्षी आणि भिजायची भीती, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याचं सगळं आयुष्य याच एका गोष्टीभोवती घडलेलं आहे. तो मासे पकडायला बुडी मारत नाही. खालून कुपा म्हणजे ट्युना माशांचे थवे लहान मासे आणि माकूल (स्क्विड) पृष्ठभागावर हाकलतात, आणि हा वरून येऊन उडता उडता चोचीनं टिपतो. झोपसुद्धा तो हवेतच डुलक्यांनी काढतो असं अभ्यासक मानतात. पिल्लू एकदा बेटावरून उडालं की कित्येक वर्षं जमिनीवर उतरत नाही. वीण करायचं वय झाल्यावरच, बहुधा पाच-सहा वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, ते बेटावर परततं. आपल्या घरातलं पोरगं जन्मल्यापासून पहिलीत जाईपर्यंतचा काळ धरा, तेवढा वेळ हा पक्षी आकाशात. पायात घातलेल्या कड्यांवरून तीस वर्षांहून जास्त जगलेले पक्षी नोंदले गेले आहेत.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी, जुलैतच, आमच्या भंडाऱ्याकडच्या गावात असाच एक सापडला होता, धानाच्या बांधीत, रोवणा चालू असताना. मला तेव्हा नुसतं एवढं कळलं की हा सुरय आहे. संध्याकाळी आम्ही त्याला मालगुजारी तलावावर नेलं आणि हलकेच पाण्यावर ठेवला. थोडा वेळ तरंगला. मग पंख फडफडवले, पण उठला नाही. बाजूला जाळं आवरत असलेला ढिवर म्हणाला, “हा आपल्या तळ्याचा नाही, याचं अंग भिजते आहे.” आम्ही ऐकलं नाही, वाटलं थकलाय, सकाळी उडेल. सकाळी तो पाळीच्या दगडांत अडकलेला मिळाला. उचलला तेव्हा पिसांतून पाणी निथळत होतं आणि छातीचं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं लागत होतं. उपाशी होता तो, आणि वरून आम्ही त्याला भिजवला. त्याच्याच शोधात मी पुढे समुद्रपक्ष्यांबद्दल मिळेल ते वाचत गेलो. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

तो दिग्रसला आला कसा? तिथून कुठलाही किनारा सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या पुढे आहे. पण आपल्याकडची झड म्हणजे बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा, ओडिशा-छत्तीसगडवरून सरकत विदर्भावर आलेला. अरबी समुद्रावरून नैऋत्येचा वाराही त्याच दिवसांत जोर धरतो. उघड्या समुद्रावरचा पक्षी त्या वाऱ्यात सापडला की त्याला टेकायला जागा नाही, खायला मिळत नाही, आणि वारा नेईल तिकडे जावं लागतं. तुमचा पक्षी कोणत्या समुद्रावरून आला हे फोटोवरून ठरत नाही. भारताच्या अगदी आतल्या भागांत पावसाळ्यात हा पक्षी सापडल्याच्या नोंदी पूर्वीपासून आहेत, त्यामुळे तुमचा प्रसंग दुर्मीळ असला तरी अशक्य कोटीतला नाही.

भारतात त्याची वीण पाहायची तर लक्षद्वीपला, पिट्टी बेटावर. कवरत्तीच्या वायव्येला, जेमतेम सव्वा हेक्टरचा वाळू आणि प्रवाळाचा ढीग, माणूस राहत नाही, झाड नाही. घरटं असं काही नसतंच, उघड्या वाळूवर एकच अंडं, आणि ते महिनाभर नर-मादी पाळीपाळीनं उबवतात. मोठ्या वसाहतींत लाखोंनी पक्षी जमतात आणि रात्रंदिवस कालवा असतो. हवाई बेटांवर त्याचं नावच ‘एवाएवा’ आहे, अर्थ कलकलाट. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर ब्रिटिशांनी त्याला ‘वाइडअवेक’ म्हणजे टक्क जागा असं नाव ठेवलं, आणि तिथल्या विमानतळाला आजही तेच नाव आहे. त्याच बेटावर हे पक्षी बारा महिन्यांनी नाही, साधारण साडेनऊ महिन्यांनी विणीला येतात. म्हणजे एका वर्षी मे, तर पुढच्या खेपेला फेब्रुवारी-मार्च. आपल्या पंचांगात अधिक मास घालून चंद्र-सूर्याचा मेळ बसवतात, तिथे हे पक्षी चंद्राच्या दहा महिन्यांशी मेळ ठेवतात.

आणि घर शोधण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुम्ही विचारलंत, ‘सोडला तरी तो परत जाईल का?’ १९०७ मध्ये जॉन वॉटसन या अमेरिकन संशोधकानं फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांवरून काही काजळी सुरय आणि नॉडी (सुरयांचाच एक भाऊबंद समुद्रपक्षी) पकडून, खूण करून, जहाजानं हजार किलोमीटरहून लांब, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप हॅटरसपाशी सोडले. त्यातले काही पक्षी थोड्याच दिवसांत आपापल्या घरट्यावर परत आले. तेव्हा दिशेची चिंता करू नका. त्याच्या अंगात ताकद येणं एवढंच आपल्या हातात आहे.

त्यासाठी टोपलं काढा. त्याच्या फटींत पिसं अडकून मोडतात, आणि शेपटीची बाहेरची लांब पिसं आधीच झिजलेली दिसतात. बुटांच्या किंवा बियाण्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला जुनं सुती लुगडं अंथरा, आत ठेवून झाकण लावा. अंधारात तो शांत राहील, आणि शांत राहणं आत्ता खाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. पोट्टे बघायला गोळा होत असतील त्यांना एकदा दाखवा आणि मग दार लावून घ्या. मांजर-कुत्रं लांब. दूध-पोळी अजिबात नको, आणि चोच उघडून पाणी ओतू नका. ते श्वासनळीत गेलं तर संपलं. पकडताना दोन्ही पंख अंगाशी धरून फडक्यात गुंडाळा, चोच आपल्या डोळ्यांपासून दूर ठेवा, नंतर साबणानं हात धुवा.

मग वनखात्याला कळवा, ‘हॅलो फॉरेस्ट’चा नंबर १९२६. रानपक्षी घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, पण जखमी पक्षी सापडल्याबरोबर कळवणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. नागपूरला सेमिनरी हिल्सवर ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर म्हणजे जखमी रानप्राण्या-पक्ष्यांवर उपचार करणारं केंद्र आहे, तिथे पोहोचवण्याची व्यवस्था होते का ते फोनवरच विचारा. ‘समुद्रपक्षी आहे, सूटी टर्न, पाण्यात सोडू नये’ हे शब्द तसेच सांगा, म्हणजे तिथूनही त्याला एखाद्या तलावावर सोडलं जाणार नाही.

खोक्यात ठेवायच्या आधी एक काम करा. उजव्या किंवा डाव्या पायाला धातूचं बारीक कडं आहे का पाहा, असेल तर त्यावरचे आकडे उतरवून घ्या. आणि एक पंख हळूच उघडून पांढऱ्या धोतरावर एकच फोटो काढा, खालची बाजू. तारीख आणि गावाचं नाव घालून तो इथेच टाका. मी आज रात्री जागाच आहे.