शिव्या देत पाहिलेले २२ भाग

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. 'गिल्टी क्राउन' या जपानी ॲनिमे मालिकेचे २२ भाग दोन रात्रींत संपवलेस आणि तिसऱ्या दिवशी मला तीन पानं भरून शिव्या लिहिल्यास. शिव्या रास्तच आहेत. पण इतकं टाकाऊ होतं तर पाचव्या भागाला बंद का नाही केलंस? पत्राच्या शेवटी तू हळूच लिहिलंयस, "तरी मजा आली, का ते कळत नाही." मला त्या तीन पानांपेक्षा या एका ओळीत जास्त रस आहे.

आधी तुझी अपेक्षा कुठून आली ते बघू. ऑक्टोबर २०११मध्ये ही मालिका फुजी टीव्हीच्या 'नॉइटामिना' या राखीव वेळेत सुरू झाली. ('ॲनिमेशन' हे इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं की हे नाव होतं. मला हे कळायला बरीच वर्षं लागली.) दिग्दर्शक 'डेथ नोट'वाले तेत्सुरो अराकी. लेखनात 'कोड गीआस'ची माणसं. संगीत हिरोयुकी सावानोंचं, पहिलं शीर्षकगीत सुपरसेल या संगीतगटाचं. स्टुडिओ प्रॉडक्शन आय.जी., म्हणजे 'घोस्ट इन द शेल' काढणारा. असा बेत कानावर आला की माणूस सकाळपासून उपाशी राहतो, आणि मग आमटी जरा पातळ निघाली तरी यजमानाचा उद्धार होतो.

हा उपास घडवण्याचं काम मी स्वतः केलंय. उमेदवारीच्या काळात एका वाहिनीसाठी मालिकांचे प्रोमो कापायचो. एकदा सुनेनं सासूच्या कानाखाली वाजवलेला शॉट हाती लागला. तो घेतला, वर ढोल चढवला. घराघरांत चर्चा. सोमवारी भाग लागला तेव्हा ते सुनेचं स्वप्न निघालं. आई म्हणाली, "फसवलंस रे मेल्या." पण मंगळवारी, बुधवारी, पुढे वर्षभर ती सातच्या ठोक्याला भाजी निवडायला टीव्हीसमोरच बसायची, आणि प्रत्येक भागाला नावं ठेवायची. तिला त्यातली विहीणबाई बघायची असायची, बाकी कथेशी देणंघेणं नव्हतं. तुझीही कुठलीतरी विहीणबाई या मालिकेत आहे. ती शोध.

माझ्या मते ती म्हणजे 'व्हॉइड'. मालिकेचा नायक शू माणसाच्या मनाला वस्तूचं रूप देऊन ती छातीतून उपसतो, ही कल्पना किती भारी आहे बघ. नायिका इनोरीची तलवार सगळ्यांच्या लक्षात राहते, मला आवडतात ती साधी माणसं. सौताचा कॅमेरा, बंद असलेलं उघडणारा. याहिरोची आयुष्य कापणारी कात्री. व्हीलचेअरवरच्या आयासेच्या पायांवर चढणारं, तिला उडवणारं चिलखत. आणि हारेचं बँडेज: जे मोडलंय त्याच्याभोवती गुंडाळायचं, ते सांधतं. पानभर स्वभाववर्णन लिहून जे साधत नाही ते इथे एका वस्तूत होतं. तू पटकथा शिकतोयस ना? आपल्या घरातल्या चार माणसांचे व्हॉइड लिहून बघ. माझ्या आईची विळी निघेल, खात्रीनं.

आता मोडलं कुठे. तू लिहितोस, "दुसऱ्या अर्ध्यात शू अचानक बदलतो, सगळा कचरा होतो." 'कचरा' हा शब्द वहीत ठेवू नकोस, त्यातून काहीच शिकता येत नाही. 'अचानक'ही तपासून घे. शाळा वेढ्यात अडकते. व्हॉइडच्या ताकदीप्रमाणे मुलांची प्रतवारी लावावी असं याहिरो सुचवतो, शू नाही म्हणतो. पंधराव्या भागात हारे मरते. त्यानंतर शू तीच प्रतवारी लादून राजा होतो. कारण आहे की नाही? चांगलं भरभक्कम आहे. कमी पडलीय ती उसंत. सांधणारी पोरगीच गेली, हे त्या मुलाला नीट कळायला कथेनं एक रात्रसुद्धा दिली नाही. सोळाव्यात त्याचा जुलूम, सतराव्यात बंडखोरांचा म्होरक्या गाइ परत येऊन त्याचा हात तोडतो. (हे नाव मराठीत लिहिताना फार जपावं लागतं, त्याच्या गंभीर एन्ट्रीला मी दर वेळी हसतो.) गादीवर बसला काय नि उतरला काय, दोन भागांत खेळ आटोपला. सगळ्या मालिकेत सहा भाग पुरेल असा ऐवज इथेच होता, आणि इथेच त्यांनी गाडी पळवली. बेटावरच्या सहलीला मात्र आख्खा भाग! मला राग येतो तो याचा.

हीच माणसं पुढे काय करतात बघ. एप्रिल २०१३मध्ये अराकी आणि सावानो 'अटॅक ऑन टायटन' घेऊन आले. स्टुडिओ विट, तोही प्रॉडक्शन आय.जी.च्याच घरातून निघालेला. तोच कानठळ्या बसवणारा कोरस, तोच अंगावर येणारा कॅमेरा. फरक एवढाच, की या वेळी खाली इसायामांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा होती, त्यामुळे कुणी कधी बदलायचं हे आधीच ठरलेलं होतं. 'गिल्टी क्राउन'ची कथा कोरी, मुळातून टीव्हीसाठीच रचलेली. त्यामुळे तुला मजा आली याची लाज बाळगू नकोस. तू ज्यांच्यावर भाळलास ते हात कच्चे नव्हतेच.

गृहपाठ देतो. पंधरावा भाग आवाज बंद करून बघ, मग नुसता आवाज लावून ऐक, पडद्याकडे पाठ करून. सावानोंच्या संगीतानं किती ठिकाणी लेखकाची लाज राखलीय ते मिनिटांसकट टिपून ठेव. मग पंधरा आणि सोळाच्या मधला, त्यांनी न लिहिलेला भाग तू लिही. संवाद कमीत कमी. शू एकटा, रात्र, आणि त्याच्यासमोर मोडलेली एखादी वस्तू.

दिवाळीत येशील तेव्हा वाचून दाखव. येताना तुझा तो मोठा हेडफोन आण, आमच्या टीव्हीचा उजवा स्पीकर गेलाय. आईनं विचारलंय, त्या मालिकेत सासू आहे का.

तुझा,
दादा